कोपऱ्याच्या दगडाचा देव

जुन्नरच्या जुन्या पेठेत भागू हमालाची पाठ सगळ्यांच्या ओळखीची होती, तोंड नंतर. गोणीखाली वाकून चालणाऱ्याची पाठच आधी दिसते, त्याला कोण काय करणार? सत्तरी ओलांडल्यावर गोण्या सुटल्या, हलकी खोकी तेवढी राहिली. पण पेठ काही सुटली नाही. आठवड्याचे सहा दिवस तो पेठेत असायचा आणि सातव्या दिवसाची, म्हणजे रविवारची, वाट बघायचा.

रविवारी बाजार. रविवारी डिंभ्याहून सारजाबाई यायची.

तिच्या पाटीत सुकट आणि धरणातले सुकवलेले मासे. दोर-घमेल्यांच्या दुकानापुढचा दगडी ओटा ही तिची जागा. आधी तिची आई तिथं बसायची. बाजारातली जागा कुणी लिहून देत नाही. आई उठते, लेक बसते, झालं. ओट्याच्या कोपऱ्यात एक उभा दगड होता. बैलगाड्यांच्या काळात चाकाचा धक्का दुकानाच्या सागवानी खांबाला लागू नये म्हणून कुणा शहाण्यानं तो रोवला होता. गाड्या गेल्या, दगड राहिला. सारजाबाई त्याला पाठ टेकून बसायची. घोडेगावचा बाजार तिला कितीतरी जवळ. तिथं का बसत नाहीस म्हटलं की म्हणायची, “तिथं मी पावणी. हितं घरची.”

ती यायच्या आधी भागू ओटा झाडून ठेवायचा आणि नळावरून तांब्या भरून आणायचा. ती जाताना कागदात मूठभर सुकट बांधून त्याच्या हातावर ठेवायची. दोघांचेही जोडीदार केव्हाच देवाघरी गेले होते. इतक्या वर्षांत तो कधी डिंभ्याला गेला नव्हता, ती कधी त्याच्या खोलीवर आली नव्हती. नातं काय म्हणून कुणी विचारलं असतं तर दोघांनाही सांगता आलं नसतं.

यंदा पेठ सुधारायची योजना आली. लोक आधी घाबरले, आता सगळं पाडून मॉल उभा करतात की काय. पण नकाशे करणारी पोरगी भली निघाली. वृषाली तिचं नाव, महाळुंगे पडवळची, पुण्यात शिकलेली. तिनं खांबांवरून हात फिरवला, कौलं मोजली, नक्षीचे फोटो काढले आणि सांगितलं, “एकही जुनं दुकान पडणार नाही. लाकूड साफ करू, माळे भक्कम करू, वायरींचं जाळं जमिनीखाली घालू.” पेठ खूश झाली. भागूसुद्धा खूश झाला.

मग एके दिवशी तिच्या वरच्या भरतसाहेबांनी चुन्यानं एक सरळ रेघ मारली. रेघेच्या आत दुकानं, बाहेर ओटे. ओट्यांच्या जागी गटार आणि वर चालायची फरशी.

“आन् ओटे?” भागूनं विचारलं.

“ओटे जाणार, बाबा. इमारत जुनी, ती राहणार. ओटे रस्त्यावर आलेत.”

“रस्ता ओट्यावर आला आसंल,” भागू म्हणाला. साहेब हसले आणि पुढं गेले.

त्या रविवारी त्यानं सारजाबाईला रेघ दाखवली. तिनं रेघेवरून नजर फिरवली. मग गिऱ्हाइकाला मासे तोलून देत म्हणाली, “मंग मी काय आता यायची न्हाई, भागू. या वयात नवी जागा कुटं हुडकू? पोरगा बी म्हनतोय, बस कर.”

भागूला त्या दिवशी सुकटीचा कागद हातात फार जड वाटला.

बुधवारी दुपारी जेवणाच्या वेळेला दुकानांच्या फळ्या लागल्या. पेठेत कुत्रंसुद्धा जागं नव्हतं. भागूनं वाण्याकडून आणलेला शेंदूर तेलात कालवला आणि कोपऱ्याच्या उभ्या दगडाला वरपासून खालपर्यंत फासला. वर झेंडूचं फूल ठेवलं, दोन उदबत्त्या खोचल्या. हात नळाखाली धुतले आणि बोळात जाऊन झोपल्याचं सोंग घेतलं.

त्याची अटकळ खरी ठरली. गुरुवारी ओटा फोडायला आलेल्या मजुरांनी पहारी खाली ठेवल्या. “साहेब, दुसऱ्या कुनाला सांगा. आमाला पोरंबाळं हायेत.” भरतसाहेबांनी कपाळाला हात लावला. “परवापर्यंत तर इथं काही नव्हतं!” समोरच्या फूलवाल्या ठकूबाईनं त्यांना झापलं, “तुमाला दिसलं न्हाई म्हंजे नव्हतं व्हय?” शेवटी वृषालीनं नकाशात त्या ओट्यावर ‘धार्मिक’ असं लिहिलं. ओटा वाचला.

भागू दोन दिवस मनातल्या मनात नाचत होता.

पण शेंदूर फासणं माणसाच्या हातात असतं. पुढचं त्याच्या हातात राहत नाही. शुक्रवारी ठकूबाईनं हार घातला. तिच्या नातीला, समृद्धीला, ताप होता. तिनं नारळ कबूल केला आणि शनिवारी ताप उतरला. झालं! संध्याकाळपर्यंत दगडावर पत्र्याचं छप्पर आलं, पुढं रांगोळी आली, ओटा दुधानं धुऊन निघाला.

रविवारी सारजाबाई पाटी घेऊन आली आणि ओट्यापुढं थबकली. ठकूबाई काही वाईट बाई नव्हती. तिनं सारजाबाईचा हात धरला, आवाज मऊ केला. “सारजे, बया, राग धरू नगंस. पन द्येवाम्होरं सुकट कशी चालंल? तूच सांग.”

सारजाबाई भांडली नाही. भांडली असती तर भागूला बरं वाटलं असतं. तिनं पाटी खाली ठेवली, पदर सारखा केला, दगडाला वाकून नमस्कार केला आणि पाटी उचलून सरळ एसटी स्टँडकडं चालू लागली. भागू मागोमाग गेला. स्टँडच्या भिंतीलगत उन्हात तिनं फडकं अंथरलं. धुरळा माशांवर बसत होता, गिऱ्हाईक फिरकत नव्हतं.

“सारजे, आगं, सावलीत तरी बस.”

तिनं पदरानं माशांवरचा धुरळा झटकला. मग म्हणाली, “भागू, आईनं पाठ टेकली तिथं. मी इतकी वर्सं टेकली. द्येवाला पाठ लावून बसलो रं आमी मायलेकी. मासं इकत. आई तसली तडफडून मेली, त्ये त्याच्यामुळंच आसंल का?”

आयुष्यभर भागूनं ओझी वाहिली होती, पण आपल्या हातानं दुसऱ्याच्या डोक्यावर असलं ओझं कधी दिलं नव्हतं.

“द्येव न्हाई त्यो,” तो म्हणाला.

“गप. आसं बोलू नये.”

“न्हाई म्हनतो ना! मी फासलाय शेंदूर. बुधवारी, दुपारच्याला. ह्या हातानं. तुजी जागा ऱ्हावी म्हनून.”

सारजाबाईनं त्याच्याकडं बघितलं. आधी तिच्या डोळ्यांत काही उमटेना. मग उमटलं, आणि तिनं हातातला मासा त्याच्या अंगावर फेकून मारला.

“म्हाताऱ्या! केस पिकलं, पन अक्कल पिकली न्हाई तुजी! आईला त्या दगडापायी पापी ठरिवलं मी आत्ता, ह्या तोंडानं!” बोलता बोलता तिचा आवाज फुटला. तिनं पदरानं डोळे पुसले, खाली पडलेला मासा उचलून झटकला आणि परत पाटीत ठेवला. “ऊठ.”

“कुटं?”

“पेठंत. मला सांगितलंस तसं समद्यांना सांग.”

“मंग ओटा जाईल, सारजे.”

“जाऊ दे. खोट्या द्येवाच्या आडून बसायचं न्हाई मला.”

पेठेत गर्दी ऐन भरात होती. वृषालीही आली होती. बाजाराच्या दिवशी माणसं कुठून चालतात ते बघायला साहेबांनी तिला पाठवलं होतं. दगडापुढं ठकूबाई निरांजन लावत होती. भागू तिच्यासमोर उभा राहिला आणि त्यानं सगळं सांगून टाकलं. गोणी एकदाची धाडकन खाली टाकावी तसं.

कुणीतरी फिस्सकन हसलं. ठकूबाईनं निरांजन तसंच हातात धरलं होतं.

“आन् माज्या समृद्धीचा ताप उतरला त्येचं काय?”

“डाक्टरच्या गोळ्या दिल्या व्हत्या की, ठकूबाई,” दोरवाले शेठ म्हणाले.

“गोळ्या बी दिल्या आन् नारळ बी फोडला. कशानं उतरला ते तुमाला काय ठावं?” ती भागूकडं वळली. भागूनं मान खाली घातली. त्याला वाटलं, आता पेठेतून हाकलणार. ठकूबाईनं त्याच्या वाकलेल्या पाठीकडं बघितलं, बाजूला पाटी कमरेवर घेऊन उभ्या राहिलेल्या सारजाबाईकडं बघितलं, आणि एक लांब श्वास सोडला.

“आता असं तसं पुसून न्हाई काडायचं,” ती म्हणाली. “बोलावनारा येडा आसंल, पन आमी हात जोडलं ते खरं व्हतं. गणपती बसिवतो, गवरी बसिवतो, त्या काय कायमच्या ऱ्हात्यात? पावना म्हनून आला, पावन्यासारखा जाईल. दहीभात आना कुनीतरी.”

खाणावळीतून दहीभात आला. ठकूबाईनं दगडावर अक्षता टाकल्या, शिदोरी ठेवली, हात जोडले. “काय चुकलं-माकलं आसंल तर पदरात घे, बाबा. आपल्या ठिकानी सुखानं जा.” सवयीनं मागून कुणीतरी ओरडलं, “पुढच्या वर्षी लवकर या!”

“गप रं मुडद्या! आता ये म्हनू नगा!” ठकूबाई कडाडली आणि सगळी पेठ हसली. सारजाबाईसुद्धा.

मग नारळाच्या शेंड्या, राख आणि रिठ्याचं पाणी घेऊन भागू दगडाशी बसला. चार जण मदतीला सरसावले. सारजाबाईनं त्यांना मागं केलं. “त्येनंच फासलाय. त्येलाच घासू द्या.”

शेंदूर निघून दगड परत बराचसा काळा दिसू लागला तेव्हा वृषाली पुढं आली. तिच्या हातात नकाशाची गुंडाळी होती. “बाबा, आता मला ‘धार्मिक’ खोडावं लागणार. मग साहेबांना मी काय सांगू?”

“खरं ते सांगा, ताई,” भागू म्हणाला.

वृषालीनं गुंडाळी काखेत मारली. सारजाबाईला म्हणाली, “आजी, जरा तुमच्या जागेवर बसता? नेहमी बसता तशा.”

सारजाबाई बसली. पाटी पुढं, फडकं डाव्या हाताला, पाठ ओल्या दगडाला. पाच मिनिटांत दोन गिऱ्हाइकं आली. एक बाई डोक्यावरचं ओझं ओट्यावर उतरवून दम खात उभी राहिली. शेजारच्या ओट्यावर भाजीवाली होती, पलीकडं पाटे-वरवंट्यांना टाकी लावणारा. वृषाली सगळी रांग बघत राहिली.

“चार महिने पेठ मोजली मी,” ती हळूच म्हणाली. “सोमवार ते शुक्रवार. सगळे ओटे रिकामेच बघितले.” आणि तिथंच उकिडवी बसून तिनं पेन्सिलीनं ओटे काढले, ओट्यांवर माणसं काढली.

ते कागद घेऊन ती साहेबांशी कितीदा भांडली ते पेठेला ठाऊक नाही. एवढं खरं की तीन रविवार पेठ खणलेली होती आणि सारजाबाई आली नाही. त्या तीन रविवारी भागूनं उगाचच नळावरून तांब्या भरला. ओट्यांचे दगड नंबर घालून काढले, गटार त्यांच्याखालून नेलं, आणि सगळे दगड, कोपऱ्याचा उभा दगडसुद्धा, हातभर आत सरकवून पुन्हा बसवले.

चौथ्या रविवारी डिंभ्याची एसटी दीड तास उशिरा आली. सारजाबाईनं ओट्यावर बसून बघितलं, इकडं सरकून बघितलं, तिकडं सरकून बघितलं.

“अरुंद केला गं बया. पाटी न्हाई मावत.”

“मंग गं?” भागूनं विचारलं.

“मंग काय? पाटी खाली ठिवायची.” तिनं पाटी खालच्या पायरीवर ठेवली आणि मोकळ्या झालेल्या जागेवर हात फिरवला. “उबा का ऱ्हायलास? बस की.”

भागूनं आजूबाजूला बघितलं. या ओट्यावर त्यानं हजारो गोण्या टेकवल्या होत्या. स्वतः कधी टेकला नव्हता. तो कडेकडेनं, अंग चोरून बसला. सारजाबाईनं भाकरीचं फडकं सोडलं, अर्धी भाकरी आणि एक भाजलेला मासा त्याच्या हातावर ठेवला.

“काटं बगून खा,” ती म्हणाली, आणि आलेल्या गिऱ्हाइकाला भाव सांगू लागली.