दुसऱ्या बोर्डातली खरखर

एकोणतीस वर्षांपूर्वी मला एक पत्र आलं होतं. त्याचं उत्तर मी दिलं नाही. पत्र चार ओळींचं होतं आणि त्यात प्रश्न एकच होता. "मास्तर, पडद्यामागे तुम्ही होता. खरखर दुसऱ्या बोर्डात होती की माझ्या कानात? खरं असेल ते कळवा."

पत्र ताईंचं. आम्ही एका लहानशा कारखान्यात होतो. गाण्याच्या तबकड्या ऐकणाऱ्या शौकिनांसाठी तिथे ॲम्प्लिफायर बनत. सर्किट बोर्डांची आखणी माझ्याकडे होती. जेवणाच्या सुट्टीतही पुस्तकात डोकं खुपसून बसायचो, म्हणून मी 'मास्तर'. ताई माझ्याहून लहान, पण सगळा कारखाना त्यांना ताईच म्हणायचा. त्यांचं काम ऐकण्याचं. तयार झालेला प्रत्येक सेट त्या कोपऱ्यातल्या वेताच्या खुर्चीत बसून, डोळे मिटून ऐकायच्या. त्यांनी मान हलवल्याशिवाय तो खोक्यात जायचा नाही. दुपारी गरम राळेचा आणि लाकडाच्या पॉलिशचा वास दाटलेला असायचा, आणि एकच तबकडी दहा वेळा वाजायची. तेव्हा कंटाळा यायचा. आता ती तबकडी कुठे मिळेल का, असं वाटतं.

तेव्हा आमचे बोर्ड तपकिरी असायचे, कागद आणि राळ दाबून केलेले. स्वस्त, भोकं पाडायला सोपे. पण दमट हवेत ओल धरायचे, आणि सोल्डरिंगची तापलेली सळई जरा जास्त टेकली की तांब्याची पट्टी पापुद्र्यासारखी सुटायची. मी महिनाभर वाचन करून मालकांना सांगितलं, की काचतंतूंचा हिरवा बोर्ड घ्यावा. तो ओल शोषत नाही. मालक म्हणाले, "पुस्तकातलं पुस्तकात. कानाला काय वाटतं ते बघू."

मी दोन बोर्ड जोडले, एक तपकिरी, एक हिरवा. पडदा म्हणून एक चादर टांगली, मागे मी बटण घेऊन बसलो. आधी एक, मग दुसरा. समोर मालक, पेट्या बनवणारा आमचा सुतार आणि ताई.

"हं, बोला," मालक म्हणाले.

सुतार म्हणाला, "दुसरा जरा भारदस्त वाटला बुवा." त्याला काही म्हणजे काही कळलं नव्हतं, हे त्यानंच नंतर मला सांगितलं.

"ताई?"

"पहिला चांगला. दुसऱ्यात खरखर आहे. अगदी बारीक. शेजारच्या खोलीत कुणी कागद चुरगाळतंय, अशी."

मालकांनी चादर ओढली. "दुसरा कुठला, मास्तर?"

"काचेचा," मी म्हणालो.

"घ्या! मलाही दुसराच बरा वाटला. दुप्पट किमतीचा बोर्ड, आणि ताईंना त्यात खरखर ऐकू येते! ताई, सकाळी कानात तेल घालून कापूस तिथेच विसरलात वाटतं?"

सगळे हसले. मीही हसलो. ताईसुद्धा हसल्या, पण उठताना त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला होता.

तिसऱ्या दिवशी मी तो हिरवा बोर्ड उलटा करून पाहिला. तबकडीचा नाजूक आवाज जिथून आत येतो, त्याच जागी सोल्डर करताना लावतो ती मधाच्या रंगाची चिकट राळ पसरली होती. तपकिरी बोर्ड आम्ही जोडून झाल्यावर नेहमी स्पिरिटनं धुवायचो. हिरवा मी धुतलाच नव्हता. काच काही शोषत नाही, मग धुवायचं कशाला? असा माझा विचार. पण राळ त्या काळात नवीन, हलक्या प्रतीची आणली होती, आणि तिनं हवेतली ओल धरली होती. मी बोर्ड धुतला, वाळवला, लावला. खरखर गेली. बोर्डाची निवड चुकीची नव्हती. ताईही चुकल्या नव्हत्या.

मी मूग गिळून बसलो. त्या आठवड्यात मालकांनी हिरवा बोर्डच घ्यायचं ठरवलं होतं आणि चारचौघांत माझी पाठ थोपटली होती. तोवर तसं कुणी केलं नव्हतं. उद्या सांगू, उद्या सांगू, असं करत राहिलो. ताईंना मालकांनी खुर्चीवरून उठवून खोकी बांधायला बसवलं. दोन महिन्यांनी त्या सोडून गेल्या, आणि मग ते पत्र आलं.

गेल्या आठवड्यात सुतार घरी आला. "मास्तर, आहात की तुम्हालाही वाळवी लागली?" चहा पिताना म्हणाला, "ताईंकडे गेलो होतो. दार बसत नव्हतं त्यांचं."

"कशा आहेत?"

"तब्येत ठणठणीत. पण नात गाणं शिकते, आणि ही बाई तिला सूर सांगत नाही. पोर विचारते, आजी, लागला का? तर म्हणते, मला नको विचारू, माझ्या कानांचा भरवसा नाही. आपण हसलो होतो ना, ते अजून धरून बसल्यात."

मी कप खाली ठेवला. "पत्ता आहे?"

"आहे की. या वयात पत्रं लिहिताय? वहिनी, लक्ष ठेवा हो!"

रात्रीपर्यंत चार पानं झाली. ओल, राळ, काचतंतू, आणि मी तेव्हा किती अडचणीत होतो ते. बायकोनं वाचलं आणि चष्मा काढला. "प्रबंध आहे का हा? त्यांनी विचारलंय काय?"

"एकच गोष्ट."

"मग तेवढीच सांगा की."

पानं फाडली. सकाळी नवीन कागद घेतला.

"ताई, खरखर दुसऱ्या बोर्डातच होती. मी तो धुतला नव्हता. तिसऱ्या दिवशी मला ते कळलं, आणि मी गप्प बसलो. तुमचे कान बरोबर होते. नातीला सूर सांगा."

शेवटचं वाक्य आगाऊ वाटलं. खोडावं का? पोस्टाच्या पेटीपर्यंत हाच विचार. पाकीट अजून चिकटवलं नव्हतं. पेटीजवळ उभं राहून मी कागद बाहेर काढला, वाचला, पुन्हा आत घातला. मागे एक बाई पत्र हातात घेऊन थांबल्या होत्या. "आजोबा, टाकताय ना?"

"हो, हो," म्हणालो. पाकीट जिभेनं ओलं करून चिकटवलं आणि टाकलं.