पांढरा चुडा

सोजरबाई नर्स तोंडाने फटकळ, पण हात तिचा हलका. पटकीच्या साथीत कामरगावच्या धर्मशाळेत तात्पुरता दवाखाना उघडला, तेव्हा सलाईन लावायला सगळे तिलाच हाक मारत.

धनजकडच्या तांड्यावरून रामधनने बायकोला बैलगाडीत घालून आणलं. देवलाचे डोळे खोल गेले होते, शुद्ध नव्हती. दोन्ही हातांत मनगटापासून दंडापर्यंत पांढरा चुडा. तांड्यात तो एकदाच उतरतो, नवरा मेल्यावर.

कोपराजवळच्या उघड्या जागेत सोजरबाईने सुई घातली. पण शीर फुटली, पाणी मांसात झिरपलं आणि सुजलेल्या हातात चुडा रुतून बसला.

"हा फोडावा लागते. दुसऱ्या हाताचाबी. तिथं शीर पायतो."

"नका बाई! मी जिता हाओ ना!"

"मंग तुले चुडा पायजे का बायको?"

रामधनने बायकोचा दुसरा हात स्वतःच पुढे धरला. चुडा फुटला, दुसऱ्या हाताची शीर सापडली, बाटलीतलं पाणी थेंब थेंब उतरू लागलं. तुकडे वेचता वेचता तो पोरासारखा रडायला लागला. सोजरबाईला आपल्याच बोलण्याची लाज वाटली.

"रडू नोको. बाजारात जाय, बांगड्या घेऊन ये. डोये उघडन तं हात भरेल दिसले पायजे."

तो धावतच गेला. इकडे देवलाने डोळे उघडले. तिने आधी हात पाहिले. मग उशाशी पाहिलं. तिथे कोणी नव्हतं.

"कवा गेला?" तिने विचारलं.

"अवं, बाजारात गेला. येते आता."

"असंच सांगतात सगळ्या. माह्या मायलेबी असंच सांगतलं होतं."

सोजरबाई हात धरायला वाकली, तोवर देवलाने सुई उपसून फेकली होती. ती उठायला गेली आणि कोसळली. पुन्हा शीर म्हणून सापडली नाही. बांगड्या काय, मागाहूनही आल्या असत्या. माणूस उशाशी बसवायचा होता. एवढं साधं आपल्याला कसं सुचलं नाही, हे सोजरबाईला जन्मभर खात राहिलं.

रामधन आला तेव्हा सगळं संपलं होतं.

"बाई, मी जिता हाओ हे तिले समजलं होतं ना?"

कोणालाही तोंडावर खरं सुनावणारी सोजरबाई खाली बघत म्हणाली, "समजलं होतं."

मग तो बायकोच्या हातात बांगड्या भरायला बसला. सुजलेल्या हातावर एकही चढेना.