सहा तासांचा बर्फ

जहाज सकाळीच बर्फ फोडत बंदरात गेलं होतं. त्याच्या वाटेवर आता पांढरी साय धरली होती आणि काठावरचा दिवा हिरवा झाला होता, म्हणजे ओलांडायला हरकत नाही. तबेयाने तरी पहार मारून पाहिली. एकाच घावात ती आरपार गेली नि काळं पाणी वर आलं.

तिची लेक कितोरा पलीकडून लाकडं घेऊन निघाली होती. बर्फावर धावणारी स्किडू गाडी, तिच्या मागे भरलेली स्लेज. हिरवा दिवा दिसल्यावर ती कशाला थांबेल?

बंदर बांधताना तिथल्या साहेबांनी गावाची सभा घेतली होती. समुद्राला धक्का नको, शिकारीच्या वाटा तुटायला नकोत, असं ते म्हणत होते. जहाज गेल्यावर बर्फ माणूस पेलायला किती वेळ घेतो, असं त्यांनी विचारलं. तबेयाच बोलली, "सहा तास." पन्नास हिवाळे तिने भेगा गोठताना पाहिल्या होत्या. तोच आकडा त्यांनी दिव्याच्या कॉम्प्युटरात घातला. पण यंदाची थंडी मऊ निघाली.

तिने रेडिओ उचलला. बंदरावर तिचा भाचा होता.

"एफ्राइम, दिवा लाल कर."

"आत्या, सहा तास झालेत. कॉम्प्युटर बरोबर सांगतोय."

"मग त्यालाच पाठव इकडे. पोहता येतं का बघू."

"अगं, इथून बदलत नाही तो. वरून परवानगी लागते. विचारतो."

"विचार. तोवर कितोरा तळाला जाईल."

रेडिओत खुर्ची पडल्याचा आवाज आला; एफ्राइम धावला होता.

दुपार कलत होती, बर्फाचा भुगा उडत होता. पलीकडे मोटारीची घरघर ऐकू आली. पाठोपाठ स्किडूचा उजेड, बोटाएवढा. तबेया ओरडली, पण वाऱ्याने आवाज मागे फेकला. कितोराचा रेडिओ थैलीत असणार, नेहमीसारखा.

दिवा दिसला नाही तर बर्फावर उतरायचं नाही, एवढं गावातलं पोरही जाणत होतं. तबेयाने अंगातला कोट काढला, दिव्यावर घातला आणि तो खांबाशी घट्ट धरून उभी राहिली. गारवा सुरीसारखा बरगड्यांत शिरला.

घरघर वाढत गेली. मग एकदम थांबली. उजेडही गेला.

थांबली की बुडाली? कानांत नुसता वारा. तिला लेकीचं नाव घ्यायचं होतं, पण उत्तर आलंच नाही तर?

ठक्. पलीकडे पहार वाजली. पुन्हा ठक्, आणि मग पचकन पाणी.

"कोण आहे तिकडे? दिवा कुणी झाकला?"

"मी."

कितोराचा आवाज आला, बारीक, लहानपणीसारखा. "आई, पुढचा बर्फ कागदासारखा आहे गं."

"मागे जा. आल्या चाकोरीवरूनच जा. लाकडं पेटव नि तिथेच बस."

रेडिओ खरखरला. "आत्या, परवानगी मिळाली. सहाऐवजी किती घालू?"

"आकडा नको. पहार घेतलेला माणूस पाठव," तबेया म्हणाली. "आणि लवकर. माझी बोटं आता मिटत नाहीत."