लग्नाच्या गाद्यांचा स्टुडिओ

शेरडांच्या खोलीत गाण्याचा स्टुडिओ करायचा, असं आमच्या नातीनं, प्रियदर्शनीनं ठरवलं तेव्हा तिच्याजवळ नव्वद हजार रुपये होते. ऑर्केस्ट्रात गाऊन जमवलेले. आमचं गाव धारूरजवळ. इकडच्या गायन पार्ट्यांना गाणं भरायचं, म्हणजे रेकॉर्ड करायचं, तर बीड गाठावं लागतं. लिंबागणेशच्या एका पार्टीनं जयंतीची चार गाणी भरायचं काम तिला आधीच देऊन टाकलं होतं. ते जमलं तर ती गावात राहून पोट भरणार होती. नाही जमलं तर पुण्यात कपड्याच्या दुकानातली नोकरी वाट बघतच होती.

खर्चाचा मेळ तिनं त्या खोलीच्या भिंतीवरच खडूनं मांडला. त्याच भिंतीवर तिनं मला अक्षरं शिकवली होती, त्यामुळं मला वाचायला सोपं गेलं. दार, वायरिंग, माईक, आवाज कॉम्प्युटरात घेणारा डबा. आणि शेवटी, भिंतीचा कापूस, बावीस हजार.

माझे मालक कारभारीआबा तिथंच अडले.

"कापूस? भिंतीला?"

"आपला कापूस न्हाई आबा. दगडापासून करतात. आवाज पिऊन टाकतो."

"आवाज प्यायला बावीस हजार? तुझी आजी जन्मभर माझा आवाज फुकट पिली."

"पिले न्हाई," मी म्हणाले. "ह्या कानातून घेतला, त्या कानातून सोडला."

खडू तिथंच असायचा, म्हणून येणारा-जाणारा हात मारून जायचा. कुणी 'पंखा' लिहिलं. पंख्याचा आवाज येतो म्हणून प्रियदर्शनीनं ते पुसलं. कुणी 'चहाची किटली' लिहिलं. ते राहू दिलं. मुनव्वर मिस्त्रीनं आपल्या मजुरीपुढं एक शून्य वाढवून बघितलं आणि स्वतःच हसून पुसलं.

मधेच माझ्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख आली. मोतीबिंदू होता. प्रियदर्शनी मला घेऊन अंबाजोगाईच्या दवाखान्यात गेली. जाताना तिनं उरलेले पैसे आबांच्या हातात ठेवले. "मिस्त्रीकडून दार बसवून घ्या. कापूसवाला आला की त्याला बावीस द्या. बाकी काई करू नका."

आम्ही परत आलो तर आबा दारातच उभे. "आधी डोळे मिटा."

"माझा आत्ताच उघडलाय," मी म्हणाले.

त्यांनी खोलीचं दार ढकललं. खालपासून वरपर्यंत चकचकीत टाइल. दर चौथ्या टाइलवर मोर. नव्या डोळ्यानं मी पहिल्यांदा नीट बघितलं ते हे मोर. खोटं कशाला सांगू, मला लई आवडले.

"कापूसवाल्याला वाटंला लावला," आबा म्हणाले. "जन्मभर लोकाचा कापूस येचला आपण. आता नातीच्या खोलीत चार मोठी माणसं येणार, आन् भिंतीला कापूस? लोक म्हणतील, ही खोली हाय का गादी?"

प्रियदर्शनी खोलीच्या मधोमध गेली. तिनं एक टाळी वाजवली. टाळी परत आली. पुन्हा एकदा आली. मग तिनं गाण्याची एक ओळ म्हटली, तर विहिरीत घागर पडल्यागत आवाज घुमत राहिला.

"काय घुमतंय!" आबा खूश. "माईक बी नको आता."

ती टाइलवरच खाली बसली. "आबा, हे न्हाणीघर झालंय. परवा पार्टी येणार हाय. गाणी कशात भरू?"

आबांचं तोंड उतरलं. मुनव्वर मिस्त्री दारात थापी धूत होता. "मामा, मी म्हनलं होतं, पोरीला फोन लावा. तुमी म्हनले सरप्राईज हाय."

"मोर तूच निवडले की बे!"

"मोर चांगलेच हायेत. पण आता काढायला गेलो तर फुटतील. आन् पैसे तर गेले."

भिंतीवरचा हिशेबही टाइलखाली गेला होता. प्रियदर्शनीनं पार्टीला नाही म्हणायला फोन काढला. आबांनी तिचा हात धरला.

"थांब. कापूसच पायजे ना? गादीतला चालंल?"

तिनं फोन खाली घेतला. "जाड गादी चालंल. पण एवढ्या गाद्या कुठून आणता?"

आमच्या विहारात समाजाच्या वर्गणीतून घेतलेल्या लग्नाच्या गाद्या असतात. कुणाच्याही घरचं लग्न असो, वऱ्हाड त्यांवरच झोपतं. किल्ली कडूबाईकडं. तिनं आबांना ओट्यावरच विचारलं, "लग्न कुणाचं?"

"कुणाचं न्हाई."

"मंग गाद्या कशाला?"

चार बायांसमोर आबांना मोरांपासून सगळं सांगावं लागलं. कडूबाई पदर तोंडाला लावून हसली. "न्या. पण रविवारी भिवराबाईच्या नातवाचं लग्न हाय. शनिवारी गाद्या परत. आन् भाडं लग्नाचंच पडंल."

मिस्त्रीनं वर आडवे बांबू बसवून दिले, त्याची मजुरी घेतली नाही. गाद्या बांधल्या तसे एकेक मोर झाकत गेले. प्रियदर्शनीनं टाळी वाजवली. ती परत आली नाही. फक्त दाराशेजारचा कोपरा उघडा राहिला. एक गादी उरली होती, पण दारामुळं तिथं बांबू बसला नव्हता.

"मी धरतो," आबा म्हणाले.

"आबा, खोकायचं न्हाई."

"मी कशाला खोकू?"

पार्टी आली. आबा कोपऱ्यात गादी धरून उभे राहिले, नुसते पाय दिसत होते. तीन गाणी झाली. चौथ्यात ढोलकी चढली तशी गादी हलायला लागली. मी बाहेरून दाराच्या काचेतून बघत होते. गाणं संपलं. प्रियदर्शनीनं हात वरच ठेवला, कानातल्या हेडफोनवर सगळं विरेपर्यंत ऐकलं आणि मग हात खाली घेतला. "झालं."

तशी गादी पडली आणि आबांनी साठवलेला खोकला एकदम सोडला. पार्टीचा म्होरक्या म्हणाला, "बाई, हे बी भरून ठेवा. कोरसला कामी येईल."

त्यांनी पैसे दिले आणि जाताना दुसऱ्या एका पार्टीला तिचा नंबरही दिला. आता खर्चाचा मेळ दाराच्या आतल्या बाजूला खडूनं लिहिलेला आहे. पहिली ओळ: स्वतःच्या गाद्या. तोवर कुणाचा फोन आला की प्रियदर्शनी म्हणते, "तारीख देते, पण आधी गावात लग्न हाय का बघते."

आबांनी तिला एकच मागणं घातलं, एक तरी मोर दिसू दे. गाद्या बांधताना ती दोन गाद्यांच्या मधे हातभर जागा सोडते. तिथून एक मोर दिसतो. तेवढ्यापुरता आवाज थोडा घुमतो म्हणे. पार्टीवाल्यांना अजून कळलेलं नाही.