तळाच्या पाण्याची बाटली

मी एक काचेची बाटली बोलतेय. खरं तर तोंड बंद ठेवण्यातच माझी अब्रू आहे. पण सध्या रिकामी आहे, तेव्हा बोलून घेते.

बाटली म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे भलतंच काहीतरी येतं. मी त्यातली नव्हे. माझ्या पोटात आजवर पाण्याशिवाय काही गेलेलं नाही. जन्म भट्टीतला, काच जाड, आणि बूचसुद्धा काचेचंच, माझ्याच गळ्याला घासून बसवलेलं. दुसरीचं बूच मला चालत नाही.

बिश्केकच्या प्रयोगशाळेत आले तेव्हा वाटलं, आता निवांत फळीवर बसू. कसलं काय. गुलबाराने मला पुन्हा भट्टीत घातलं. पाण्यात विरघळलेला कार्बन मोजणं हे तिचं काम. हवेतून पाण्यात मुरतो तो, मासे आणि शेवाळं श्वासातून सोडतात तो. त्यात बाहेरचा कणभर मिसळला तरी सगळा हिशेब चुकतो. म्हणून माझं सोवळं कडक. मला हात लावतानाही ती आपलं तोंड बाजूला वळवायची. आधी मला राग यायचा. मी काय इतकी वाईट दिसते?

गुलबारा इस्सिक-कुल सरोवराच्या काठचीच. तिच्या जिवाला एक घोर लागला होता. कडक हिवाळ्यात सरोवराचं वरचं पाणी गारठतं, जड होतं आणि खाली बुडतं. जाताना हवा सोबत घेऊन जातं, म्हणून तळ जिवंत राहतो. पण हिवाळे आता पूर्वीसारखे राहिलेले नाहीत. वरचं पाणी अजून तळापर्यंत पोचतं का? नसेल पोचत, तर सरोवर खालून गुदमरत चाललंय आणि वर कुणाला पत्ताच नाही. तिच्या गुरूंनी तरुणपणी तळाचं पाणी मोजून ठेवलं होतं. त्याच्याशी ताडून पाहायचं होतं. पण तळाला पुरेल एवढी लांब तार एकाच बोटीवर उरली होती, आणि हिवाळा संपला की तीही मोडीत निघणार होती. म्हणजे संधी ही एकच.

बोटीवर तारेच्या रहाटापाशी सागिन आके होते. वडीलधाऱ्या माणसाला इथे आके म्हणतात. गालफडं वाऱ्याने भाजलेली, जिभेखाली सदा तंबाखू. त्यांनी मला वर धरून उलटसुलट पाहिलं.

"पोरी, असल्या थंडीत रिकामी बाटली आणलीस? भरलेली आणायची."

"भरलेली आणली असती तर तुम्ही बोट डोंगरावर चढवली असती, आके."

बालिकची बंदरातून निघालो होतो, त्याचा किनारा कधीच दिसेनासा झाला होता. दोन्ही तोंडं उघडी असलेलं एक जाड नळकांडं तारेला बांधून पाण्यात सोडलं. तार सुटत राहिली, सुटतच राहिली. दोघं चहा पीत बसली. आकेंच्या फडक्यात घरचे बोरसोक होते, कणकेचे तळलेले फुगीर तुकडे.

"वहिनी अजून दर शुक्रवारी तळतात वाटतं?" गुलबाराने विचारलं.

"तळते की. तेलाचा वास गेलेल्या माणसांपर्यंत पोचतो म्हणतात ना. आईबापांना पोचत असेल, ती टेकडीवरच्या कबरीत आहेत. पण एसेनला कसा पोचायचा? तो हा इथं खाली."

एसेन त्यांचा धाकटा भाऊ. मासे धरायला गेला आणि वादळात नाव उलटली. बुडालेलं माणूस आमचं सरोवर परत देत नाही असं लोक म्हणतात. एसेनलाही दिलं नाही.

"इतकी वर्षं वाकून बघतोय," आके म्हणाले. "निळ्याशिवाय काही दिसत नाही."

मग तारेवरून एक वजन सोडलं. ते खाली जाऊन आदळलं, नळकांड्याची झाकणं मिटली आणि तळाचं पाणी वर आलं. गुलबाराने तोटीला नळी लावून ती माझ्या बुडापर्यंत सोडली. पाणी हळूहळू चढू लागलं, एकही बुडबुडा नाही. मी थरारून गेले. माणसाच्या डोळ्याला कधी न दिसलेला काळोख माझ्या पोटात येऊन बसला होता, आणि उजेडात तो नुसता स्वच्छ दिसत होता.

गुलबारा पाणी टिकवायच्या औषधाचा थेंब आणायला वळली. तेवढ्यात आके माझ्यावर वाकले. ओठांत काहीतरी पुटपुटले आणि माझ्या तोंडात फुंकर मारली. पुन्हा मारली. आमच्याकडे आजाऱ्यासाठी, वाटसरूसाठी पाण्यावर अशी दुवा फुंकतात. भाऊ जिथे निजलाय तिथलं पाणी आज पहिल्यांदा हाताशी आलं होतं. त्यांना दुसरं काय सुचणार?

"आके, हे काय केलंत तुम्ही?"

"दुवा दिली. वाईट काय केलं?"

"मी मोजायला आलेय तेच तुमच्या श्वासात भरलंय. वरची हवा खाली पोचते का ते मला बघायचंय, आणि तुम्ही ती इथंच घातलीत."

"तंबाखूचा वास लागला असंल थोडा," ते पुटपुटले. मग एकदम थांबले. "काय म्हणालीस? वरचं खाली पोचतं का, ते बघायला आलीस तू?"

"मग आणखी कशाला?"

वादावादीत तोटी वाहून नळकांडं निम्मं रिकामं झालं होतं, आत हवा शिरली होती. आकेंनी टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली.

"ओत ते. परत सोडू तार."

"पूर्वेचा वारा सुटलाय, आके."

"सुटू दे."

सुकाणूवरच्या माणसाने शिव्या दिल्या त्या मी सांगत नाही. लाटा फळ्यांवर येऊ लागल्या, तार गुणगुणू लागली. नळकांडं वर आलं तेव्हा बोट इतकी हेलकावत होती की ते दोन्ही हातांनी कवटाळून धरल्याशिवाय मला भरणं शक्य नव्हतं. आकेंनी ते कवटाळलं. त्यांचं तोंड माझ्यापासून वीतभर अंतरावर आलं.

त्यांनी मान खांद्यात वळवली, तोंड कोटाच्या कॉलरमध्ये खुपसलं आणि श्वास कोंडून धरला. मला भरायला घाई चालत नाही. पाणी काठापर्यंत आलं, वाहून गेलं, अजून वाहू दिलं. आकेंच्या कपाळाची शीर फुगली. ज्या पाण्यावर जीव ओवाळून टाकावा, त्याच्यापासूनच श्वास राखून धरलेला माणूस मी त्या दिवशी पाहिला. गुलबारा तोंड का वळवायची, तेही तेव्हा कळलं.

औषध पडलं. औषध कसलं, पाऱ्याचं जहर ते. पाण्यातले बारीक जीव त्यानंतर श्वास घेत नाहीत, पाणी होतं तसंच राहतं. बूच बसलं, वर पट्टी आवळली.

"आता घ्या श्वास," गुलबारा म्हणाली. "आणि नळकांड्यात उरलंय ते तुमचं."

आकेंनी ते बादलीत घेतलं, त्यावर फुंकर मारली आणि सरोवरात परत ओतलं.

प्रयोगशाळेत यंत्राने माझ्या पाण्यातला सगळा कार्बन काढून मोजला. गुलबाराने तो आकडा गुरूंच्या आकड्याशेजारी मांडला. आकडा वाढला होता, आणि तारेसोबत सोडलेल्या मापकाने तळाशी प्राणवायूही भरपूर दाखवला होता; कार्बन नुसता खाली साचून वाढला असता, तर प्राणवायू संपला असता. आजची हवा तळाला लागली होती. आपल्या चुलींचा आणि गाड्यांचा धूरही लागला होता. हसावं की रडावं तिला कळेना. तिने फोन लावला. मी शेजारीच होते.

"आके, पोचतं."

"काय?"

"वरचं सगळं. हवेतलं पाण्यात मुरतं आणि थंडीत खाली उतरतं. पार तळापर्यंत."

मग आके फोन न ठेवताच घरात हाक मारताना ऐकू आले.

"अगं, कढई ठेव."

"आज कुठं शुक्रवार आहे?"

"नसू दे."

मला पुन्हा भट्टीत भाजून फळीवर ठेवलंय. त्या पाण्याचा थेंबही आता माझ्यात नाही. पण तळ पोटात घेऊन आलेली मी, मला राहवत नाही. तुमच्या गावातही नदी असेल, तळं असेल. वर हवेत जे सोडाल ते जपून सोडा. खाली कुणाचा तरी एसेन असतो.

बूच लावते आता.