कॉरीनचं पाणी

कॉरीन सैन्यातून पहिल्या रजेवर आली, तेव्हा जेवायला बसल्याबसल्या ग्लासभर पाणी एका दमात प्यायली आणि रिकामा ग्लास डोक्यावर उपडा धरून बसली.

"हे काय गं ध्यान?" मी विचारलं.

"ट्रेनिंगला असंच असतं, मावशी. सार्जंटसमोर अख्खी बाटली संपवायची आणि डोक्यावर उपडी धरायची. थेंब पडला तर परत प्यायची. तो 'खाली' म्हणेपर्यंत हात वरच."

"आणि डोकं दुखत असेल तर?"

"पाणी पी."

"पाय मुरगळला तर?"

"पाणी पी, मोजे बदल."

माझा नवरा ड्वेन हसता हसता खोकायला लागला. मग सार्जंटचा आव आणून ओरडला, "खाली!" तेव्हा कुठे पोरीनं ग्लास टेबलावर ठेवला. पुढे ती घरी आली की हा खेळ ठरलेलाच असायचा.

कॉरीन माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. आमच्या केंटकीच्या डोंगरात घराघरांत जे झालं तेच तिच्या आईचं झालं. कंबरदुखीच्या गोळ्यांनी सुरुवात, मग त्यांचंच व्यसन आणि बाथरूमच्या फरशीवर शेवट. कॉरीनला मी वाढवलं. ती सैन्यात जाऊन जखमींची देखभाल शिकली, तेव्हा मला वाटलं, सुटली पोरगी एकदाची.

कुठली सुटते? ट्रकमधून उडी मारताना तिची पाठ धरली. तिथल्या दवाखान्यानं सांगितलं, पाणी पी आणि आराम कर. खोलीतल्या मैत्रिणीनं स्वतःच्या औषधातली एक गोळी दिली. त्याच आठवड्यात लघवीची तपासणी निघाली आणि ती गोळी सापडली. सैन्यानं तिला काढून टाकलं आणि कारण लिहिलं: गैरवर्तन, अमली पदार्थ. मैत्रिणीला पुढे बढती मिळाली म्हणे. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय.

घरी आल्यावर कॉरीन वृद्धाश्रमात लागली. म्हाताऱ्यांना कुशीवर वळवायचं, धुवायचं, भरवायचं. ते करता करता तिनं नर्सिंगचं कॉलेज पुरं केलं. पण लायसन्स देतं राज्याचं नर्सिंग मंडळ, आणि मंडळाचा पहिलाच प्रश्न, सैन्यातून का काढलं?

"सांगायचं कशाला?" मी म्हटलं.

"खोटं पकडलं तर दार कायमचं बंद, मावशी. खरं सांगितलं तर निदान ऐकून तरी घेतील."

ऐकून घेतलं त्यांनी. एक वर्ष नजरेखाली राहायचं. रोज सकाळी एका नंबरवर फोन करायचा. 'आज या' म्हणाले की डोंगरापलीकडच्या प्रयोगशाळेत जाऊन, एका बाईच्या डोळ्यांसमोर लघवी द्यायची. वर्षभर नमुने चांगले आले की लायसन्स.

नशापाणी तिला करायचंच नव्हतं. ती खोकल्याचं औषधही घेईना, दात दुखला तरी मिठाच्या गुळण्या करायची. घोडं पेंड खायचं ते भलतीकडेच. कुणी बघत असलं की तिला लघवी व्हायचीच नाही.

पहिल्याच वेळी ती तासन्‌तास बसून राहिली. समोर प्रुइट नावाची बाई हाताची घडी घालून उभी. "तुझ्यापायी माझं जेवण राहिलं," म्हणाली. ठरल्या वेळेत झाली नाही तर तो नकार धरतात, आणि नकार म्हणजे गुन्हा कबूल. कशीबशी शेवटच्या क्षणी सुटका झाली.

पुढच्या वेळी कॉरीन गाडीतून जाताना वाटभर पाणी पीत गेली. झटपट काम झालं. घरी आली ती गाणं गुणगुणत. मग फोन आला. नमुना पातळ आहे. पातळ नमुना म्हणजे काहीतरी लपवण्यासाठी पाणी ढोसलंय. या खेपेला ताकीद. पुन्हा पातळ आला तर नशा सापडल्यासारखंच धरू.

इकडे आड, तिकडे विहीर. प्यायली तर पातळ, नाही प्यायली तर नकार.

मग आम्ही घरी सराव सुरू केला. मी बाथरूमच्या दारात प्रुइटबाईसारखी हाताची घडी घालून उभी राहायची.

"मावशी, तू हसतेयस."

"मग काय रडू? आटप, माझं जेवण राहिलंय."

माझ्यासमोर तिला काहीच अडचण नव्हती. लहानपणी तिचे लंगोट मीच बदलले होते, मी कसली परकी? तरी सरावाचा उपयोग झाला असावा, कारण पुढे बरेच महिने नीट गेले. वर्ष संपत आलं. मी तर तिच्यासाठी नर्सचे पांढरे बूटही बघून ठेवले होते.

आणि ऑगस्टच्या एका तापलेल्या दुपारी, लागोपाठ दोन पाळ्या करून ती तशीच प्रयोगशाळेकडे निघाली. वाटेत तिला प्रुइटबाई आठवली. दोनच घोट घेऊ म्हणून बाटली उघडली. बाटली कधी संपली, तिलाच कळलं नाही.

मंडळासमोर सुनावणी झाली तेव्हा मी मागच्या बाकावर होते. पिकल्या केसांच्या एका सदस्य बाईंनी विचारलं, "तुम्ही शिकलेल्या आहात. जास्त पाण्यानं नमुना पातळ होतो, हे माहीत नव्हतं?"

"माहीत होतं, मॅडम. घाबरले की मी पाणी पिते. सैन्यात सवय लागली."

"पण सैन्यानं तर तुम्हाला काढून टाकलंय ना," बाई म्हणाल्या. आवाज अगदी मऊ होता. त्याचाच मला जास्त संताप आला.

मी उठून म्हटलं, "पोरीच्या अंगात पाण्याशिवाय काही सापडलं का तुम्हाला?"

मला खाली बसायला सांगितलं. अर्ज नामंजूर झाला. काही वर्षांनी पुन्हा करता येईल म्हणाले, पण तेव्हा हेही तिच्या नावावर असणार. पहिला डाग धुवायला गेली आणि दुसरा लावून घेऊन आली. वृद्धाश्रमानं मात्र तिला ठेवलं. म्हाताऱ्यांच्या चादरी बदलायला लायसन्स लागत नाही.

घरी येऊन मी घेवडा गरम केला, मक्याचा पाव कापला. तिनं ताटाला हात लावला नाही. मी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. तो तिनं उचलला, एका दमात संपवला आणि डोक्यावर उपडा धरला.

मला वाटलं, थट्टा करतेय. म्हणून मी हसले. पण ती ताठ बसली होती आणि समोरच्या भिंतीकडे बघत होती. ड्वेनला जाऊन दोन वर्षं झाली, त्याची खुर्ची रिकामीच होती.

"खाली," मी म्हटलं. माझा आवाज सार्जंटसारखा निघेना. "खाली ठेव, बाळा. झालं आता सगळं."

तिनं ऐकलं असणार. पण तिचा हात काही खाली येईना.