मिझाचा दोर

मी झांझिबार बेटावरची एक म्हातारी तांबडी माकडीण आहे. मित्रांनो, माझ्या हातांना तुमच्यासारखा अंगठा नाही, पण त्यावाचून माझे कधी अडले नाही. चार बोटे फांदीला अडकवली की मी पलीकडच्या झाडावर. कोवळा पाला आणि कच्ची फळे हे आमचे जेवण. जंगली बदामाचा पाला मात्र पोटाला बाधतो, म्हणून त्यावर आम्ही कोळसा चघळतो. हे मला आईने शिकवले. कोळसा मिळायचा मिझाच्या परसातल्या विझलेल्या चुलीत.

मिझा काथ्याचे दोर वळून विकायची. तिचा दीर उस्सी ट्रकमधून नारळ वाहायचा आणि आमच्यावर सतत चिडलेला असायचा.

"वहिनी, या चोरट्यांना तुम्हीच लाडावलंय."

"कोळसाच खातात ना? तू तर माझा पुलाव खातोस आणि वर मीठ कमी म्हणतोस."

जंगल आणि मिझाचे घर यांच्यामध्ये डांबरी रस्ता होता. बदामाची एक लांब फांदी त्यावरून पलीकडच्या उंबराला भिडायची. तीच आमची वाट. मिझा लग्नाला गेली असताना उस्सीने ती तोडली.

मग आम्हाला रस्त्यावर उतरावे लागले. जमिनीवर आमची फार तारांबळ उडते. एका सकाळी पोटाशी पिल्लू घेऊन मी निम्म्या रस्त्यात पोचले आणि समोरून ट्रक आला. माझे पाय जागीच थिजले. तेवढ्यात मिझा धावत आली आणि हात पसरून माझ्यापुढे उभी राहिली. ट्रक तिच्यापासून वीतभर अंतरावर थांबला. आत उस्सी होता.

"वहिनी, जीव गेला असता तुमचा."

"गेला असता. फांदी जागेवर असती, तर मी आत्ता घरात दोर वळत बसले असते."

उस्सी खाली उतरला. माझ्या पोटाला घट्ट बिलगलेल्या पिल्लाकडे तो बराच वेळ बघत राहिला. दुसऱ्या दिवशी त्याने मिझाचा सर्वांत जाड दोर मागून घेतला आणि बदामावर चढला.

"गाठ नीट मार," मिझा खालून म्हणाली, "तुझ्या लुंगीसारखी नको."

चार दिवस आमच्यातले कुणी बदामापासून उंबरापर्यंत ताणलेल्या त्या दोराजवळ फिरकले नाही. पाचव्या दिवशी मीच निघाले. दोर झुलला, मी तो घट्ट धरून पुढे सरकले. खाली उस्सीने ट्रक थांबवला होता.

"या बाई, सावकाश या," तो हळूच म्हणाला.

पलीकडे पोचून मी उंबराचे पान तोंडात टाकले. इतके गोड पान मी आजवर खाल्ले नव्हते.

आता माझ्या पिल्लालाही पिल्ले झाली आहेत. दर वर्षी उस्सी जुना दोर उतरवून नवा बांधतो. मी सुखात आहे. मित्रांनो, तुमच्याकडे एकच मागणे आहे. फांदीवर घाव घालण्याआधी मान वर करून जरा बघा. तिच्यावरून कुणीतरी घरी जात असेल.